सगळ्या ओळी तिच्याच

कोडमधली एक ओळ अडली, तसं अन्विताने सवयीने तिच्यावर क्लिक केलं. असं केलं की ती ओळ कुणी लिहिली आणि का, हे बाजूला दिसायचं. टीममधले एकेक जण नोकरी सोडून गेले, तेव्हापासून घरी काम करताना तिला या नोंदींचीच सोबत होती. मागे ह्याच ओळीवर क्लिक केलं होतं तेव्हा बोरकरांची नोंद दिसली होती, 'गोदामवाल्यांच्या हट्टापायी केलंय, मला शिव्या घालू नका.' शलाकाने दुसरीकडे, 'चालतंय, पण कसं ते देव जाणे.' वाचून ती एकटीच हसायची.

आज मात्र बाजूला तिचंच नाव आलं. कारण: 'सगळा कोड नव्या टूलमध्ये हलवला.' खालच्या ओळीवरही तेच. त्याखालच्याही.

कंपनीने कोड ठेवायला नवं टूल घेतलं, तेव्हा मागच्या आठवड्यात तिनेच तो हलवला होता. जुन्या नोंदींसकट न्यायला गेलं की नवं टूल दरवेळी मध्येच बंद पडायचं, आणि एरर वाचून काही म्हणजे काही कळायचं नाही. शेवटी मॅनेजर वैतागले, "अगं, जुनी भांडीकुंडी कशाला नेतेस? आजचा कोड तेवढा घे." तिने तेवढाच घेतला. शुक्रवारी जुना सर्व्हर नोंदींसकट पुसून टाकला गेला.

तिने त्या ओळीच्या वर टाइप केलं, 'ही ओळ बोरकरांची आहे. गोदामवाल्यांच्या हट्टापायी केलीय.' सेव्ह केलं आणि सवयीनेच त्या वाक्यावर क्लिक केलं.

बाजूला नाव आलं: अन्विता.