सात ठिणग्या

१९७४ साल, मार्चमधला एक रविवार. वहिनी मागच्या खोलीत पलंगावर पडून होत्या आणि उशाशी रेडिओ चालू होता. कंबरेखालचं अंग लुळं पडल्याला तीन वर्षं झाली होती. खिडकीतून परसातली शेड दिसत नसे. पण शेडमध्ये ठिणगी पडली की रेडिओत कट्ट वाजायचं. त्यांच्या यजमानांनी, तारमास्तरांनी, दोरी ओढून इंजिन फिरवलं की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक, असे सात कट्ट. मग चाक थांबायचं.

"किती?" परसातून हाक यायची.

"सात," वहिनी सांगायच्या.

दोरी मास्तरांकडे, मोजदाद वहिनींकडे, अशी वाटणी होती. गल्लीतले सगळेच रेडिओ खरखरायचे. मास्तर तारखात्यातून सुटले पण कट्टकट्ट काही सुटली नाही, असं शेजारी म्हणायचे. ठिणगीने पाणी फुटतं, त्यातून वायू निघतो, तो पेटला की इंजिन चालायलाच हवं, असं मास्तरांचं म्हणणं. सलाइनची रिकामी बाटली उलटी टांगून ते नळीने इंजिनात थेंब थेंब पाणी सोडत.

इंजिन जुन्या फटफटीचं, धाकट्या भावाच्या गॅरेजातलं. सहा महिन्यांसाठी म्हणून आणलेलं, त्याला चार वर्षं झाली होती. आज धाकटा टेंपो घेऊन ते न्यायला आला होता. गॅरेज बंद, त्यामुळे स्वारी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आली होती.

"दादा, डॉक्टरांनी तुला दोरी ओढायची नाही म्हणून सांगितलंय. आज शेवटचं. तीनदा ओढ. चाललं तर राहू दे इथेच. नाही तर मी नेतो."

"नेलंस तर दिवसभर मी काय करू?"

"वहिनींपाशी बस."

"तिच्यापाशीच तर असतो," मास्तर म्हणाले.

वहिनींनी रेडिओचा आवाज वाढवला.

पहिल्यांदा सात. दुसऱ्यांदाही सात. मग बराच वेळ नुसता मास्तरांचा खोकला. शेवटी धाकटा म्हणाला, "दादा, थांब जरा. बांधायला दोर आणतो टेंपोतून." त्याची पावलं गेली आणि परत आली.

तिसऱ्यांदा सात झाले, आणि आठवा कट्ट वाजला. वहिनी कोपरावर उठल्या. कट्ट कट्ट कट्ट, इतके जवळजवळ की आकडे तोंडात मावेनात. मग एकदम शांत.

या वेळी हाक आली नाही. मास्तर स्वतःच दारात येऊन उभे राहिले. छाती भात्यासारखी हलत होती.

"किती?"

"एक्केचाळीस."

ते पलंगाशी जमिनीवर बसले आणि ओला हात त्यांनी वहिनींच्या गालाला लावला. "पाणी आहे हं हे," म्हणाले. "नुसतं पाणी." मग आकडा वहीत लिहायला उठून गेले.

धाकटा आत आला आणि दाराशीच थांबला.

"भाऊजी, गॅरेज बंद आहे ना आज?"

"हो."

"मग तो रुमाल बाहेर टाकून या. खोलीभर पेट्रोलचा वास सुटलाय."

मास्तरांचं नाक बॅटरीच्या ॲसिडने केव्हाच कामातून गेलं होतं. धाकट्याने खिसा मुठीत धरला. टेंपोतल्या पेट्रोलमध्ये भिजवून, इंजिन हवा ओढतं त्या तोंडाशी त्याने तो रुमाल धरला होता.

"दादाचे हात बघवेनात, वहिनी," तो म्हणाला.

टेंपो रिकामा गेला.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर तो रविवार पुन्हा जुळवायला लागले. तीच बादली, तोच सदरा, तीच वेळ. दर रविवारी धाकट्याला बोलावून त्याच जागी उभं करायचे. "जरा डावीकडे सरक. हां, असाच होतास तू." धाकटा साबणाने हात घासून यायचा आणि सांगितलेल्या जागी उभा राहायचा. रेडिओत सात वाजायचे.

"भाऊजी," वहिनी एकदा हळूच म्हणाल्या, "आणखी एकदाच."

"नको. मग तो आणखीच शोधत बसेल."

"मग सांगून टाका."

"तुम्ही सांगा."

दोघांनीही सांगितलं नाही.

पुढे साताचे सहा झाले, सहाचे पाच. इंजिन तेच होतं, ओढणारा हात थकला होता. मास्तर विचारायचे, "किती?" वहिनी सांगायच्या, "सात."

१९७६च्या डिसेंबरात एका दुपारी रेडिओत तीन कट्ट वाजले. वहिनी हाकेची वाट पाहत राहिल्या. रेडिओवरचं गाणं संपलं, दुसरं लागलं. मग त्यांनी होता नव्हता तेवढा जीव एकवटून परसाच्या दिशेने सांगितलं, "सात."

मास्तर गेले ते शेडमध्येच, दोरी मुठीत धरून. धाकट्याने इंजिन नेलं, पण विकलं नाही की कुठल्या गाडीला जोडलं नाही. साठाव्या वर्षी त्याने गॅरेज बंद केलं. रुमाल बाळगायचं त्याने सोडलं होतं, शेवटपर्यंत घाम बाहीनेच पुसायचा.

वहिनी आणखी अकरा वर्षं होत्या. गल्लीतले रेडिओ आता स्वच्छ लागायचे. फक्त रस्त्याने एखादी फटफटी गेली की उशाशी कट्ट कट्ट वाजायचं, आणि वहिनी डोळे मिटून मोजायच्या. फटफटी पार वळणाआड जाईपर्यंत वाजत राही. वहिनी मात्र सातावर थांबायच्या.