दीपगृहाचा उतारा

भिंगरी समोरचा उतारा घडाघडा वाचत होती. दीपगृहाच्या रखवालदाराकडे एक म्हातारं कुत्रं होतं. धुकं उतरलं की आधी ते भुंकायचं, मग दिवा लागायचा. पूर्णविरामाला ती थांबत होती, स्वल्पविरामाला श्वास घेत होती. टेबलापलीकडे तपासणीच्या बाई हातात घड्याळ आणि समोर आपली प्रत घेऊन चुकांच्या खुणा करायला बसल्या होत्या. त्यांची पेन्सिल अजून कागदाला टेकली नव्हती.

मागच्या खुर्चीवर आईने पिशवीचा बंद मुठीत आवळला होता. लेकीच्या बरोबरीने तिचे ओठ हलत होते. शेजारी बाबा हाताची घडी घालून बसले होते.

मागच्या आठवड्यात आई नंबर लावायला एकटीच आली होती. त्या दिवशी नंबर लागलाच नाही. अख्खी दुपार बाहेरच्या बाकावर गेली. आत एकामागून एक मूल जात होतं आणि अडखळत, नाक ओढत हाच उतारा वाचत होतं. मधली भिंत म्हणजे नुसती प्लायवूडची फळी. ‘पुढच्या आठवड्यात या’ असा निरोप येईपर्यंत आईला उतारा तोंडपाठ झाला होता. देवानेच हात दिला, असं तिला वाटलं. घरी भांडी घासता घासता तिने तो भिंगरीकडून घटवून घेतला. ओळीवरून बोट कसं सरकवायचं, तेही शिकवलं. एकदा कानावर पडलेलं भिंगरी कधी विसरत नसे. अक्षरं तेवढी तिच्यापुढून मुंग्यांसारखी पळायची.

शाळेच्या बाईंनी ही वाचनाची तपासणी सुचवली, त्या दिवशी बाबा जेवता जेवता म्हणाले होते, “डोक्यात काही कमी निघालं तर शाळा बंद. आत्याच्या शिवणाच्या कारखान्यात बसवू. धागे तरी तोडेल.” ते बोलले की करतात, हे आईला लग्नापासून ठाऊक होतं. शाळेच्या बाईंनी, अडचण निघाली तर परीक्षेत जादा वेळ मिळेल, प्रश्न वाचून दाखवायला माणूस मिळेल, असं पुष्कळ समजावलं होतं. आईच्या डोक्यात फक्त धागे तोडणं राहिलं.

आता तिची नजर लेकीच्या बोटावर गेली. आवाज शेवटच्या ओळीला पोचला होता. बोट तिसऱ्याच ओळीवर होतं.

बाईंनी घड्याळ थांबवलं आणि मान वर केली. तोवर भिंगरीने हात मांडीवर घेतला होता.

मग बाईंनी उताऱ्यावरचे प्रश्न विचारले. भिंगरी एकेकाचं झटक्यात उत्तर देत गेली. शेवटी तर म्हणाली, पगार त्या कुत्र्यालाच द्यायला हवा होता. बाई खुदकन हसल्या. सुट्या शब्दांचा तक्ता त्यांनी खणातून अर्धा बाहेर काढला होता. दारातून बाहेरच्या बाकावरची गर्दी पाहिली आणि तो परत आत सरकवला. एवढं सफाईदार वाचणाऱ्या मुलीला सुटे शब्द काय विचारायचे.

“घरी काही तयारी करून घेतली होती का?” त्यांनी सहज विचारलं.

“नाही हो,” आई म्हणाली.

देवाचं नाव घेतल्याशिवाय पाण्याचा घोटही न घेणारी ती. इतक्या सहज खोटं बोलता येतं, हे तिला आज कळलं.

बाईंनी आनंदाने सांगितलं, वाचन वयाच्या मानाने उत्तम आहे, समज तर त्याहून चांगली. अडचण कसलीच नाही. त्यामुळे बोर्डाच्या परीक्षेत ना जादा वेळ मिळेल, ना वाचून दाखवायला माणूस. वर्गात मार्क पडत नसतील तर लक्ष कमी पडत असेल, एवढंच.

बाबा उठले. आवाज जराही न चढवता म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षं नाटकंच चालली होती. येतं सगळं, करायचं नसतं. आता बोर्डात नापास झाली की सरळ आत्याकडे.”

आई खुर्चीतून अर्धवट उठली. बाईंकडे पाहून तिने तोंड उघडलं. नवरा दार धरून तिच्याकडेच बघत होता. तिने पिशवी उचलली.

बाहेर बाबा झपाझप पुढे निघून गेले. फळीआड पुढचं मूल अडखळत दीपगृहाशी पोचलं होतं. ते ऐकून भिंगरीला हसू आलं. मग चालता चालता ते मावळलं. तिने आईचा हात घट्ट धरला आणि हळूच विचारलं,

“आई, परीक्षेतले प्रश्न तू कुठून ऐकून येणार?”