कानामागची बट

"अंडंबिंडं न्हाय नव्हं ह्यात?" पाटावर बसता बसता रत्नाबाईंनी लेकीला विचारलं.

केसांच्या रंगाच्या खोक्यावर मागं जेवढं बारीक अक्षर होतं, तेवढं सोनलनं वाचून दाखवलं. अंडं नव्हतं, मधही नव्हता. मग आईनं मान खाली घातली आणि केस मोकळे सोडले. उद्या सकाळी मंडपात, सगळ्या समाजादेखत, हेच केस ती स्वतःच्या हातानं उपटणार होती. घरदार सोडून आर्यिका, म्हणजे जैन साध्वी, होणार होती. त्याआधी आज संध्याकाळी नवरीसारखं सजवून मिरवणूक काढायची, अशी रीत. सजवायचंच आहे तर मी सजवते, असं म्हणून सोनल सासरहून, हातकणंगल्याहून, पिशवी भरून घेऊन आली होती. रंग, पावडर, काजळ, लिपस्टिक. लिपस्टिकला आई नको म्हणाली. बाकीच्याला काही बोलली नाही.

सोनलच्या मनात मात्र वेगळंच होतं. आईला आरशासमोर रेंगाळताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. कुंकूसुद्धा आई बोटाच्या अंदाजानं लावायची. आज एकदा हिनं काळेभोर केस बघावेत, आपण अजून म्हातारे झालो नाही हे हिच्या लक्षात यावं, आणि हिचा पाय अडखळावा. नातेवाइकांचं समजावून झालं होतं. आप्पांचं रागावून झालं होतं, शेवटी हरून परवानगी देऊनही झालं होतं. आता पोरीची सगळी भिस्त एका खोक्यावर होती. वेडी आशा म्हणा, पण लेकीची होती.

परसात ऊन पडलं होतं. सोनलनं वाटीत रंग कालवला आणि जुन्या टूथब्रशनं लावायला घेतला. खोक्यात हातमोजे होते, ते तिनं घातलेच नाहीत. आईच्या डोक्याला हात लावायचा तर मध्ये प्लास्टिक कशाला?

"तेल न्हाय नव्हं लावत?" आईनं मध्येच विचारलं. गेले कित्येक दिवस तिनं केसांना तेलाचं बोट लागू दिलं नव्हतं. केस कोरडे असले की चिमटीत नीट धरता येतात.

"न्हाय गं, नुसता रंग हाय," सोनल म्हणाली. खोक्याच्या पुढच्या बाजूला 'रेशमासारखे मऊ केस' असं मोठ्या अक्षरात छापलं होतं. त्याचा तिनं विचारच केला नाही.

आप्पा नळावर हात धुवायला आले. बायकोच्या काळ्या होत चाललेल्या केसांकडे बघत राहिले, आणि नळ तसाच सोडून आत गेले. सोनलनं उठून तो बंद केला.

केस धुऊन झाले, वाळले. सोनलनं आईला पावडर लावली, काजळ घातलं, आणि आरसा हातात दिला. आईनं बघितलं. बराच वेळ बघितलं. सोनलचा जीव टांगणीला लागला.

आईनं मान वळवली आणि डाव्या कानामागचे केस वर केले. तिथं एक बारीकशी बट पांढरीच राहिली होती.

"हितं ऱ्हायलं बघ."

सोनलनं घाईनं वाटी उचलली. तळाला थोडा रंग होता. आईनं तिचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. तेवढी माझी मला ऱ्हाऊ दे."

आणि आरसा पालथा ठेवला. सोनलला कळायचं ते कळलं. तिनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान पोरीसारखी रडली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. काजळ आईच्याही गालावर उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. दीक्षा देणाऱ्या मोठ्या माताजींनी आईच्या केसांना राख चोळली, तसे ते पुन्हा पांढरट दिसायला लागले. उपटलेले केस लेकीनं ताटात झेलायचे आणि मग पंचगंगेत सोडायचे, असं ठरलं होतं. सोनल ताट धरून शेजारी बसली.

आईनं पहिली बट धरून ओढली. बोटं नुसतीच घसरली. पुन्हा राख लावली, पुन्हा ओढली, तेव्हा कुठं ती निघाली. पुढच्या बटेचंही तेच, तिच्या पुढचीचंही तेच. केस मऊ झाले होते, रेशमासारखे. जिथं एकदा दुखायचं तिथं आईला दोनदा, तीनदा दुखत होतं. टाळूवर रक्ताचे ठिपके दिसायला लागले. लोक जयजयकार करत होते, व्हिडिओवाला दिवा आणखी जवळ आणत होता. हे आपण केलं, एवढंच सोनलच्या डोक्यात घुमत होतं. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं.

शेवटी आईची बोटं डाव्या कानामागं गेली. रंग न लागलेली ती कोरडी बट एका ओढीत हातात आली. सोनलनं ताटाऐवजी तळवा पुढं केला. आईनं न बघताच ती बट त्यात टाकली.

मग पांढरी साडी झाली, हातात मोरपिसांची पिंछी आली, नवं नाव पुकारलं गेलं. सगळ्यांनी हात जोडून नव्या माताजींना वंदामि म्हणावं, असं माइकवरून सांगितलं. आप्पांनी हात जोडले. बघता बघता मंडपभर हात जुळले.

शेजारच्या बाईनं सोनलला कोपरानं ढोसलं. "जोड की हात, पोरी."

सोनलची नखं अजून काळी होती आणि उजवी मूठ घट्ट मिटलेली. हात जोडायचे तर ती उघडावी लागणार होती.