अण्णारावांची पसंती

उदगीरच्या एका डाळमिलला गेटवर ट्रकची नोंद करायला ॲप हवं होतं. वीरेशनं तीन फ्रेमवर्क वापरून तीन नमुने बनवले आणि गेट सांभाळणाऱ्या अण्णारावांपुढं ठेवले. पहिला पापणी लवायच्या आत उघडायचा, दुसरा त्याच्या मागोमाग. तिसऱ्यात मात्र पडद्यावर नुसतं चाकच फिरत राहायचं.

"घाईत नंबर चुकतात, सायेब. हे तिसरंच बेस हाय," अण्णाराव म्हणाले. मालकांनीही त्यांचीच री ओढली. वीरेशनं कपाळाला हात लावला आणि तिसरंच बसवलं.

पहिलाच ट्रक आला. अण्णारावांनी ॲप उघडलं.

"चाक फिरायलंय, भाऊ," अण्णाराव ड्रायव्हरला म्हणाले. "तवर समोर आमच्या मंडळीच्या हाटेलात चहा-भजी घेऊन या."