ॲबर्डीनच्या नातवाला मास्तर हवा

"वर्तुळाची व्याख्या सांगा," शरच्चंद्र सर म्हणाले.

समोर बसलेला हर्षद चाळिशीचा होता. महाडच्या एसटी स्टँडजवळ त्याचे क्लासेस होते आणि स्टँडसमोर त्याचा फ्लेक्स. त्यावर गुणवंत मुलांपेक्षा त्याचा स्वतःचाच फोटो मोठा. त्यानं व्याख्या सांगितली, पण 'प्रतल' हा शब्द गाळला. सरांनी डोळे मिटून घेतले. निकालाची शंभर टक्के गॅरंटी देतो, असं हर्षद म्हणाला, तेव्हा गॅरंटी मिक्सरला असते असं सुनावून सरांनी चहा यायच्या आत त्याला वाटेला लावलं.

काम नाजूक होतं. सरांची मुलगी अस्मिता स्कॉटलंडात ॲबर्डीनला राहते. तिचा मुलगा निषाद तिकडच्या 'हायर' नावाच्या परीक्षेला बसणार होता. आपली बारावीच म्हणा ना. जानेवारीतल्या सराव परीक्षेत त्यानं गणितात सपाटून मार खाल्ला होता. खरी परीक्षा मे महिन्यात. गणित गेलं की इंजिनिअरिंग गेलं, आणि पोराला लहानपणापासून दुसरं काही व्हायचंच नव्हतं. सरांना हे फोनवर कळलं. ते पुढे काही बोलणार, तेवढ्यात अस्मिता म्हणाली, "बाबा, तुमच्याकडचा एखादा चांगला शिक्षक शोधून द्या. ऑनलाइन शिकवेल. मराठीतून सांगितलं की निषादला पटकन कळतं. आणि तुमच्याइतकी पारख कुणाला आहे?"

पारख. या एका शब्दावर सरांनी दोन महिने काढले.

सरांनी उभी हयात शाळेत गणित शिकवलं होतं. अजूनही पन्नाशीचे बाप्ये त्यांना पाहून रस्ता बदलतात. वीर स्टेशनवरचा रिक्षावाला भागोजी त्यांचाच विद्यार्थी. सर गाडीतून उतरताना दिसले की तो रिकाम्या रिक्षात बसून म्हणायचा, "रिक्षा बुक हाय, सर." सर याला आदर समजत. घरात त्यांनी एकटीलाच शिकवलं होतं, अस्मिताला. तिनं दहावीनंतर गणित टाकलं ते टाकलंच, आणि आर्ट्सला गेली. पोरगी आईवर गेली, असा सरांनी निकाल दिला. आई म्हणजे कालिंदीबाई. त्या तेव्हा भाजी निवडत होत्या.

अस्मितानं तिकडचे जुने पेपर पाठवले. सरांनी पहिला उघडला आणि सुरुवातीलाच सूत्रांची यादी छापलेली पाहून मिटून टाकला. सूत्रं आयती देतात? मग परीक्षा कशाला म्हणायचं, पंगत म्हणा. ताट वाढून ठेवायचं आणि जेवा म्हणायचं. पुढे एका पेपराला कॅल्क्युलेटरही चालतो हे कळल्यावर तर सरांनी अख्ख्या स्कॉटलंडलाच नापास केलं.

मग पोलादपूरहून ऋत्विक आला. इंजिनिअर झालेला, दाढी कोरलेली. गणित एन्जॉय करायचं असतं, असं तो म्हणाला. एन्जॉय करायला हिरकणीवाडीला जावं आणि रायगडच्या रोपवेत बसावं, असा सल्ला घेऊन तो परत गेला.

त्याच्यामागून अंकिता आली. एमआयडीसीतल्या एका कंपनीत लॅबमध्ये नोकरीला होती, सुट्टीच्या दिवशी शिकवण्या घ्यायची. तिनं व्याख्या 'प्रतला'सकट सांगितली. सरांना ते फारसं आवडलं नाही.

"सर, निषादला नेमकं कुठं अडतं?" तिनं विचारलं. "त्याच्याशी एकदा बोलू का?"

"परीक्षा मी घेतोय," सर म्हणाले. "प्रश्न मी विचारणार."

अंकिताला हसू आलं. तिथंच तिचा निकाल लागला.

दर मुलाखतीनंतर सर अस्मिताला मेसेज करत. नाव, फोन नंबर आणि शेरा. नंबर एवढ्यासाठी, की या माणसांनी परस्पर जाहिरात करून गाठलं तर लेक फसायला नको. हर्षद, पोकळ. ऋत्विक, विदूषक. अंकिता, उद्धट, दात काढते. अस्मिताचं उत्तर ठरलेलं असे, "बरं बाबा. अजून बघा."

एप्रिल उजाडला. महाडपासून पोलादपूरपर्यंत एकही लायक माणूस नाही, अशा निष्कर्षाला सर आले. खरं तर हा निष्कर्ष त्यांनी पहिल्याच दिवशी काढला होता. मधले दोन महिने नुसत्या पायऱ्या लिहिल्या. आता उरलं कोण? स्वतः. नातवाची नाव आपणच पैलतीराला लावायची, या विचारानं त्यांचा ऊर भरून आला होता, हे मात्र खरं.

रविवारी दुपारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. फळा पुसून घेतला. फोन समोर नीट टेकवून ठेवायला कालिंदीबाईंना सांगितलं.

"अहो, आधी विचारा तरी तिला," त्या म्हणाल्या.

नातवाला शिकवायला परवानगी काढायची? सरांनी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर अस्मिता आली, पण तिच्यामागच्या खोलीतून निषादचं हसणं ऐकू आलं. पाठोपाठ एका मुलीचं हसणं, लॅपटॉपमधून येणारं. ते सरांनी ओळखलं.

"ती अंकिता तिथं काय करते?"

अस्मितानं लपवलं नाही. फेब्रुवारीपासून तीच निषादला शिकवत होती. निषाद आता स्वतःहून पेपर सोडवायला बसायचा, आणि परवाच्या चाचणीत पासही झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा सरांना शेरा सुचला नाही. अपमान झाला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

"मग मला दोन महिने कशाला शोधायला लावलंस?"

अस्मिता उठली. आधी तिनं निषादच्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं.

"तुम्ही शिकवायला बसू नये म्हणून, बाबा."