दुसरी पायरी

टिल्लू गाड्या धुवायचा तो हात पोचेल तिथपर्यंतच. उंच गाडी आली की टपावर खालूनच पाइपाचा फवारा मारायचा, "टप कोण बघायला जातंय?" म्हणायचा आणि दारं मात्र आरशासारखी चमकवायचा.

पण आज पाणीखात्याचे तपासनीस साहेब आपली गाडी घ्यायला आले ते भिंतीला टेकवलेली शिडी ओढून थेट वरच चढले. खाली येऊन त्यांनी काळंकुट्ट बोट टिल्लूच्या नाकासमोर धरलं.

"हे काय? वर चढायला पाय झिजतात का तुझे? न चढताच 'झाली साहेब, चकाचक' म्हणून मोकळा! जनाची नाही तर मनाची तरी ठेव रे!"

"चुकलंच, साहेब." टिल्लू मुकाट्यानं शिडी चढला. टप घासूनपुसून लख्ख केला. उतरल्यावर मात्र शिडीला हात लावून तसाच उभा राहिला.

"साहेब, ही शिडी आमच्या वस्तीतलीच. मागच्या महिन्यात तुम्ही आमची पाण्याची टाकी तपासायला आलात, तेव्हा मीच टाकीला लावून दिली होती. हिच्या दुसऱ्या पायरीवर कागद टेकवून तुम्ही 'टाकी आतून स्वच्छ' असं लिहिलंत, सही ठोकलीत आणि निघालात. आमची पोरं अजून पिवळं पाणी पितायत."

साहेब खिशात किल्ली शोधू लागले.

"आज बघून बरं वाटलं," टिल्लू म्हणाला. "आम्हाला वाटलं होतं, साहेबांना चढताच येत नाही."