विहिरीवरची खोली

पुनावळ्यातलं ते शुश्रूषाघर अगदी घरासारखं होतं. अखेरच्या दुखण्यातल्या माणसाजवळ घरच्यांनाही राहता यायचं. "मरायचं तर माझ्याच रानात," असा नानासाहेबांनी हट्ट धरला, कारण ही जमीन, विहिरीसकट, त्यांनीच बिल्डरला विकली होती. त्यांची सून जयमाला नऊ दिवस उशाशी बसून होती.

"आपल्या बुजवल्याल्या हिरीवरच खाट टाकलीया गं," ते सकाळी म्हणाले.

"कायतरीच काय, नाना!" ती हसली.

"कायतरीच काय, नाना!" फरशीखालून घुमलं.

तिनं वाकून फरशीला कान लावला.

दुपारी नानासाहेबांना धाप लागली, तशी सिस्टरला हाक मारायला तिनं तोंड उघडलं. पण हाक आधीच आली. खालून, तिच्याच आवाजात.

ती दाराकडे धावली. दाराच्या जागी ओला, शेवाळलेला दगड होता. चारी बाजूंनी दगडच होता, आणि पाणी घोट्यापर्यंत आलं होतं.

तिनं वर पाहिलं. खूप उंचावर ताटाएवढा उजेड होता. तिथून सिस्टरचा आवाज आला, "ताई, तुम्ही हाक मारलीत?"

"न्हाई हो," वरूनच जयमालाचा आवाज म्हणाला. "मी तर हितंच बसलीया."